आज्जीला घेऊन आल्प्सवर

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला मुग्नोने नावाचा छोटा प्रवाह जिथे मिळतो, तिथे काशिने उद्यानाच्या पार टोकाला एक छत्री उभी आहे. छत्रीखाली गळ्यात दागिने ल्यालेल्या, डोक्याला पगडी असलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. गावातले लोक या जागेला 'इंदियानो' म्हणूनच ओळखतात आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली वयाच्या विसाव्या वर्षी ते इंग्लंड पाहायला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, परतीच्या वाटेवर इटलीत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच वारले. दहनाची चाल तिथे नव्हती, तरी खास परवानगी काढून दोन प्रवाहांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. त्यांची दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२मध्ये छापली, आणि १८७४मध्ये ही छत्री उभी राहिली.

आज दर मे महिन्यात मराठी माणसांनी भरलेल्या बस फ्लॉरेन्सला येतात. त्यांत साठी-सत्तरीचे आजी-आजोबा असतात, चाळिशीतला मुलगा आणि सून असते, कॉलेजात जाणारी नात असते. राजाराम महाराजांच्या प्रवासापासून या बसपर्यंत दीडशे वर्षं गेली, आणि या दीडशे वर्षांत बदललेली सर्वांत मोठी गोष्ट विमान नव्हे. घरातली वडीलधारी माणसं, त्यातही बायका, परदेशी निघू लागली, ही ती गोष्ट. हे घडलं कसं, याचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही. तो राजांच्या दैनंदिन्यांत सापडत नाही आणि गाजलेल्या प्रवासवर्णनांतही थोडाच सापडतो. तो सापडतो स्वयंपाकाच्या भांड्यांत, रिझर्व्ह बँकेच्या फॉर्मात आणि बसच्या सीटवर.

समुद्र ओलांडायचा तर खायचं काय, हा पहिला प्रश्न होता. १७८१ साली राघोबादादांनी आपली बाजू मांडायला लंडनला माणसं पाठवली. त्यांत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण होते आणि मणियार हे पारशी बापलेक होते. हनुमंतरावांना परक्याच्या हातचं चालत नव्हतं. तेव्हा एडमंड बर्क या संसदपटूने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर त्यांच्यासाठी मोकळं करून दिलं. तिथे त्यांचं स्नान, त्यांची पूजा, त्यांचा स्वयंपाक. पाहुण्याच्या आचाराचा एवढा मान राखणारा यजमान त्या काळात विरळाच. मायदेशी मात्र एवढं पुरलं नाही. राघोबांनी पाठवलेले ब्राह्मण दूत परतल्यावर त्यांना शुद्ध कसं करून घ्यायचं यावर खल झाला आणि सोन्याची योनिप्रतिमा घडवून तिच्यातून त्यांना 'पुन्हा जन्माला' घालण्यात आलं, असं फ्रान्सिस विल्फर्ड याने 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये नोंदवून ठेवलं आहे.

समुद्रपर्यटनाचा हा धाक पुढे शंभर वर्षं टिकला. १८६९मध्ये सुएझचा कालवा उघडला, वाफेच्या जहाजांनी मुंबई-लंडन अंतर काही आठवड्यांवर आणलं, १८८१मध्ये थॉमस कुकने मुंबईत आपली कचेरीही थाटली. पण कुकच्या कचेरीत तिकीट मिळत होतं, समाजाची संमती मिळत नव्हती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि नवरा बरोबर नव्हता. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असं जाहीर सांगितलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. या दोघींचं धाडस किती मोठं होतं हे सांगायला नको. पण त्या गेल्या त्या शिकायला. घरच्या माणसांसोबत, चार दिवस हवापालट म्हणून, नुसतं जग पाहायला जाणं ही कल्पना सामान्य मराठी घराच्या आसपासही नव्हती.

ती कल्पना आधी राजवाड्यात आली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड १८८७ साली डॉक्टरांच्या सल्ल्याने युरोपला निघाले. निद्रानाशाने ते हैराण झाले होते. बरोबर महाराणी चिमणाबाई होत्या. पुढे ही वारी नेमाची झाली. उन्हाळा आला की बडोद्याचं घर युरोपकडे निघे आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरात मुक्काम पडे. चिमणाबाईंनी या प्रवासांत शाळा पाहिल्या, बायकांच्या संस्था पाहिल्या, आणि १९११ साली स. म. मित्र यांच्यासह भारतीय जीवनातल्या स्त्रियांच्या स्थानावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. उन्हाळी कौटुंबिक परदेशवारीचा मराठी बोलणाऱ्या घरातला सर्वांत जुना ठळक दाखला द्यायचा तर तो याच घराचा.

खजिना मागे असेल तर आचारी, वैद्य, सेवक सगळं बरोबर नेता येतं. बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांनी हा प्रश्न परदेशाच्या वाटेवर सोडवला नाहीच. तो सुटला काशी-रामेश्वराच्या वाटेवर. रेल्वे आली आणि म्हातारपणी पायी निघून परत येऊ की नाही याची खात्री नसलेली यात्रा काही आठवड्यांची झाली. मग यात्रा कंपन्या निघाल्या. त्यांची रीत ठरलेली: तीस-चाळीस यात्रेकरू, एक व्यवस्थापक, दोन-तीन आचारी, पिठाची पोती, तेलाचे डबे, मोठी पातेली आणि स्टोव्ह. गाडी पहाटे स्टेशनात लागायची आणि यात्रेकरू देवदर्शन करून येईपर्यंत धर्मशाळेच्या ओसरीवर भाकरी, पिठलं, भात तयार असायचा. मालतीमावशींना वाताचा त्रास आहे, जोशीकाका उपासाला रताळं खातात, अमक्या आजींना खालची बर्थ लागते, हे सगळं व्यवस्थापकाच्या डोक्यात असायचं. विधवा बायका, एकट्या राहिलेल्या आत्या, मुलं नोकरीला लागलेली जोडपी या कंपन्यांच्या भरवशावर घराबाहेर पडली. मराठी पर्यटन व्यवसायाचा पाया हा आहे. परदेशी सहलीचं जे तंत्र पुढे विकसित झालं, त्यातला प्रत्येक धागा या ओसरीवर आधी विणला गेला होता.

दुसरी शाळा सरकारने काढली. १९५६ साली केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळाली. सगळीकडे जिला एलटीसी म्हणतात ती हीच. हळूहळू बँका, महामंडळं, कारखाने यांनीही असाच लाभ दिला. एलटीसीच्या नियमांत अवलंबून असलेले आई-वडीलही कुटुंबात धरले जात. म्हणून पोस्टातला, रेल्वेतला, विमा कंपनीतला कारकून मे महिन्यात बायको-मुलांसह आईलाही घेऊन काश्मीरला, उटीला, कन्याकुमारीला निघाला. डाल सरोवरातल्या शिकाऱ्यात नऊवारी नेसून बसलेल्या आजीचा फोटो त्या पिढीच्या कितीतरी घरांत आहे. तीन पिढ्यांनी मिळून सुट्टी काढायची, हे मराठी मध्यमवर्ग या सवलतीच्या बळावर शिकला. फक्त ती सवलत भारताच्या सीमेवर संपत होती.

सीमेपलीकडे जायला पैसा असून भागत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन ही सरकारच्या दृष्टीने सर्वांत जपून वापरायची वस्तू होती. धान्य, यंत्रं, तेल आणायचं तर डॉलर लागत, आणि डॉलर होते मोजके. नुसत्या हौशीसाठी ते कुणाला द्यायचे नाहीत हे धोरण होतं. तिकीट काढण्याआधी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर करून घ्यावा लागे. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी गेलेल्यांच्या आठवणींत खिशातल्या आठ डॉलरांचा उल्लेख वारंवार येतो. तेवढ्यात विमानतळावरून गावात पोचणंही कठीण होतं. पासपोर्टसुद्धा सरकारच्या मर्जीवर होता. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि मनाला येईल तसा पासपोर्ट नाकारता येणार नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात १९६७ साली दिला. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला.

या काळात परदेश मराठी घरात आला तो वाचनातून. पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' १९६०मध्ये पुस्तकरूपाने आलं, मागोमाग 'पूर्वरंग' आलं. त्याआधी गंगाधर गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे' होतं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अनंत काणेकरांनी रशियाच्या प्रवासावर लिहिलं होतं. लंडनचा पाऊस, पॅरिसचे रस्ते, बालीची नृत्यं ज्यांनी कधी पाहिली नाहीत, त्यांना ती पाठ होती. पडद्यावर १९६४च्या 'संगम'ने व्हेनिस आणि स्वित्झर्लंड रंगीत दाखवलं. पुढे तीस वर्षांनी युरोपच्या बसमध्ये बसलेल्या आजींनी हे सगळं तरुणपणी वाचलेलं-पाहिलेलं होतं. त्यांना नुसतं ओढून नेलं जात होतं असं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आयफेल टॉवर पाहायची इच्छा त्या कितीतरी वर्षं मनात धरून होत्या. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बदल सत्तरच्या दशकात सुरू झाला. १९७१ साली एअर इंडियाकडे पहिलं जम्बो विमान आलं. एका वेळी तीन-चारशे माणसं नेणारं विमान भरायचं तर समूहाने प्रवास करणारे प्रवासी लागतातच. दशकाच्या अखेरीस परकीय चलनाची पकडही थोडी सैल झाली आणि माणशी पाचशे डॉलर मिळण्याची सोय झाली. मुंबईतल्या काही कंपन्यांनी गट करून माणसं युरोप-अमेरिकेला न्यायला सुरुवात केली. सुरुवातीचे ग्राहक बहुतेक व्यापारी घरांतले होते. गुजराती-मारवाडी शाकाहारी कुटुंबांसाठी महाराज, म्हणजे आचारी, बरोबर नेण्याची पद्धत याच सुमाराची.

मराठी मध्यमवर्गापर्यंत हे लोण पोचायला आणखी काही वर्षं लागली, आणि ते पोचवलं पालघर तालुक्यातल्या मथाणे गावच्या केसरी पाटील या शिक्षकाने. त्यांचे बंधू राजा पाटील 'राजा राणी ट्रॅव्हल्स' चालवत. तिथल्या अनुभवावर केसरीभाऊंनी १९८४ साली 'केसरी टूर्स' सुरू केली. आधी राजस्थान, काश्मीर, दक्षिण भारत आणि मग हळूहळू परदेश. त्यांची मुलगी वीणा पाटील यांनी धंद्यात नव्या कल्पना आणल्या, फक्त बायकांसाठी आणि फक्त ज्येष्ठांसाठी सहली काढल्या, आणि २०१३मध्ये 'वीणा वर्ल्ड' ही स्वतंत्र कंपनी उभारली. केसरीभाऊ फेब्रुवारी २०२५मध्ये गेले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी मध्यमवर्गाला जग दाखवणारा माणूस म्हणून त्यांची आठवण काढली. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

या कंपन्यांनी नेमकं काय केलं? यात्रा कंपनीचा व्यवस्थापक त्यांनी टूर लीडर केला, ओसरीवरचा स्वयंपाक हॉटेलातल्या भारतीय जेवणावर आणला, आणि सगळा खर्च आधीच एकरकमी, रुपयांत सांगितला. शेवटची गोष्ट वाटते त्याहून फार महत्त्वाची. ज्या माणसाने आयुष्यभर महिन्याचं बजेट वहीत मांडलं, त्याला परक्या चलनात रोज पाकीट उघडण्याची धास्ती असते. सगळं आधीच भरलंय म्हटल्यावर तो माणूस आईला म्हणू शकला, "आई, तुझंही तिकीट काढलंय." निवृत्तीची ग्रॅच्युइटी, फंडाचे पैसे, २०००-०१मध्ये बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून हाती आलेली रक्कम, यांतला एक तुकडा अशा सहलीला बाजूला काढणारी घरं पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोल्हापुरात उभी राहिली. १ जून २००० पासून परकीय चलनाचा जुना कडक कायदा जाऊन फेमा आला. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली आणि २०१५पर्यंत ही मर्यादा अडीच लाख डॉलरवर गेली. आठ डॉलरच्या आठवणी सांगणारी माणसं हयात असतानाच हे झालं.

या सहलीची एक बस आतून पाहण्यासारखी असते. सकाळी साडेसहाला उठवणारा फोन, साडेसातला नाश्ता, साडेआठला बस. सामान आदल्या रात्री भरलेलं, कारण गुडघे धरलेले असताना सकाळी वाकणं होत नाही. सीटची रोजची अदलाबदल ठरलेली. आज पहिल्या रांगेत बसलेलं जोडपं उद्या मागे सरकणार आणि शेवटच्या रांगेतले पुढे येणार. हा नियम बारीक वाटतो, पण त्याने पन्नास अनोळखी माणसांची पंधरा दिवसांची भांडणं मिटतात. टूर लीडर साधारण पंचविशीचा मुलगा किंवा मुलगी. खिशात सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळांची यादी, हातात निशाण, आणि तोंडात "काका, सावकाश, बस थांबलीये." दुपारी मिलानच्या किंवा ल्यूसर्नच्या भारतीय उपाहारगृहात वरण-भात, बटाट्याची भाजी, पापड. बसमध्ये दुपारी पिशव्या उघडतात आणि चिवडा, शंकरपाळी, भाजणीची चकली सीटवरून सीटवर फिरते. तिसऱ्या दिवशी अंताक्षरी. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस, आणि टूर लीडरने हॉटेलला सांगून आणवलेला केक.

या वरण-भाताची पुष्कळ थट्टा झाली. युरोपात जाऊन पिठलं शोधणारी माणसं म्हणून लेखांत, एकांकिकांत, गप्पांत ती ऐकवली जाते. थट्टा करणारे बहुधा तिशी-चाळिशीतले असतात आणि त्यांची पचनशक्ती शाबूत असते. सत्तरीतल्या मधुमेही बाईला पंधरा दिवस वेळेवर आणि ओळखीचं जेवण मिळणार असेल तरच ती घर सोडते. तिच्या गोळ्यांची वेळ जेवणाला बांधलेली असते. एकादशी, चतुर्थी, शाकाहार हा तिच्या आयुष्याचा भाग असतो. ताटात वरण-भात आहे म्हणून ती आल्प्सवर पोचली. तो नसता तर ती दरवर्षीप्रमाणे शेजारच्यांकडे किल्ली सांभाळत मागे राहिली असती. बीकन्सफील्डच्या काचघरात बर्कने जे एका दूतासाठी केलं, ते या कंपन्यांनी हजारो सामान्य माणसांसाठी केलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

स्वित्झर्लंडच का, यालाही कारण आहे. सिनेमाचं आकर्षण होतंच. १९९५च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'नंतर ते वाढलं, आणि टिटलिस डोंगरावर शाहरुख-काजोलच्या कटआउटपाशी फोटोसाठी रांग लागू लागली. पण खरं कारण गुडघ्यांशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून येणाऱ्या प्रवाशांसाठी स्विस लोकांनी डोंगरावर रेल्वे नेली. रिगीवरची दातेरी रुळांची गाडी १८७१ची, युंगफ्राऊयोखची १९१२ची. ही दुसरी गाडी ३४५४ मीटर उंचीवरच्या, युरोपातल्या सर्वांत उंच स्टेशनापर्यंत माणसाला बसल्या जागेवरून नेते. टिटलिसची गोल फिरणारी केबल कार १९९२मध्ये सुरू झाली, म्हणजे भारतीय पर्यटक येऊ लागण्याच्या अगदी तोंडावर. हिमालयातलं बर्फ पाहायला बऱ्याच ठिकाणी घोड्यावर बसावं लागतं, चढावं लागतं. इथे सुती साडीवर कोट चढवून, पायात बूट घालून, आजी लिफ्टमधून बाहेर येते आणि बर्फावर उभी राहते. नातवाला स्लेज मिळते, आजोबांना बाकडं मिळतं, सुनेला कॉफी मिळते. वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकाच जागी आपापल्या परीने आनंद घेता येईल असा देश फार कमी ठिकाणी बांधलेला आहे. याच कारणाने सिंगापूरही पहिल्या परदेशवारीसाठी लोकप्रिय झालं: विमानात पाच-सहा तास, सपाट स्वच्छ रस्ते, ठिकठिकाणी बसायला जागा आणि लिटल इंडियात इडली.

व्हिसाचं काम मात्र लांबलचक होतं. एकाच व्हिसावर अनेक देश फिरू देणारी शेंगेन व्यवस्था १९९५मध्ये सात देशांत लागू झाली, इटली-ऑस्ट्रिया नंतर आले आणि स्वित्झर्लंड तर २००८च्या अखेरीस. तोवर एका युरोप सहलीसाठी एकाहून जास्त व्हिसा घ्यावे लागत. एप्रिलभर गटाचे पासपोर्ट एका वकिलातीतून दुसरीत फिरत. २००४पासून शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा झाला, आणि घरातल्या प्रत्येकाचं वय पहिल्यांदा पैशांत मोजलं गेलं. साठी ओलांडली की हप्ता वाढतो, सत्तरी ओलांडली की आणखी वाढतो.

याच काळात दुसरा एक प्रवाह वेगळ्या वाटेने वाहत होता. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे स्थायिक झाले. त्यांची मंडळं झाली, १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. मग सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला आईला बोलावणं सुरू झालं. या आईला टूर लीडर नव्हता. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या लिंकन हाउस या अमेरिकी वकिलातीसमोर, व्हिसासाठी, उन्हात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत बँकेची पासबुकं आणि घराची कागदपत्रं घेऊन उभी राहिलेली वयस्कर जोडपी ज्यांनी पाहिली, त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. ही वकिलात नोव्हेंबर २०११मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात हलली. तिकडे पोचल्यावर डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, शेक-शेगडी, आणि मग मुलाला सुट्टी मिळाली की गाडीतून नायगारा. उन्हाळा, आई-वडील आणि मुलाची मिळेल तेवढी रजा, यांवर ही वारी बेतलेली असे. तिच्यात देश पाहण्यापेक्षा घर चालवणं जास्त होतं. कितीतरी आयांनी अमेरिका पाहिली ती मुख्यतः स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हे कबूल करायला हवं.

आता चित्र पुन्हा बदलतंय. सहलींची वाटणी वयावर होते आहे: ज्येष्ठांची वेगळी, बायकांची वेगळी, नवविवाहितांची वेगळी. त्यातून बायकांना मिळालेलं मोकळेपण मोलाचं आहे. सासू, सून, मुलगा यांच्यापैकी कुणाचीही सोय न बघता आठ दिवस स्वतःसाठी जगणं ज्यांना पन्नाशीत पहिल्यांदा मिळालं, त्या बायका ते आयुष्यभर सांगतात. पण सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं की घरात ओढाताण होते. विशीतल्या मुलीला रात्री बार्सिलोनात भटकायचं असतं, वडिलांना संग्रहालयं बघायची असतात, आईला खरेदी करायची असते, आजोबांना दुपारी दोन तास आडवं व्हायचं असतं. यात्रा कंपनीचे जुने व्यवस्थापक असा गट सांभाळताना तीन गोष्टी जपत. आधी सर्वांत कमजोर पायाची गती धरायची. एका मुक्कामी किमान दोन रात्री काढायच्या. आणि दिवसाचं एक जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, बाकी वेळ ज्याचा त्याचा. आज घरभाड्याच्या ॲपवर तळमजल्याचा फ्लॅट घेऊन, विमानतळावर व्हीलचेअरची नोंद करून, मुलीला संध्याकाळची मोकळीक देऊन जी कुटुंबं सुखाने परततात, ती नकळत याच तीन गोष्टी करतात.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी मे महिन्याची चर्चा सुरू होईल, त्यांनी दोन कामं करावीत. पहिलं, ठिकाण ठरायच्या आधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारावं: काय पाहायचं राहिलंय? "तुम्ही म्हणाल ते" या उत्तरावर थांबू नये, पुन्हा विचारावं. दुसरं, कपाटात पाहावं. राजाराम महाराजांची दैनंदिनी छापली गेली, पु.लं.चे प्रवास छापले गेले, पण १९८५ ते २००५ या वीस वर्षांत आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडलेल्या सामान्य बायकांनी लिहिलेल्या वह्या, कंपनीचे टूर कार्यक्रम, शिक्के भरलेले जुने पासपोर्ट आणि मागे तारीख टाकलेले फोटो घरोघरी पडून आहेत, आणि घर बदलताना रद्दीत जात आहेत. त्या वह्या लिहिणाऱ्या अजून आपल्यात आहेत. त्यांच्याशेजारी बसून नावं, गावं, साल लिहून घ्या, आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयात द्या.